लाटण्याच्या दुसऱ्या टोकाला

अख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्या त्या पंपहाऊसात सात पंप होते, एकेक हत्तीएवढा, आणि चाळीस वर्षं त्या सात हत्तींच्या नाड्या बघणारा माणूस एकच. त्याला सगळे वैद्य म्हणत. वैद्यांकडं हत्यार म्हणाल तर हातभर लांबीची पोलादी सळई. तिचं एक टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. मग पंपाच्या मनात जे काही असेल ते थेट कवटीत.

"चार नंबरात वाळू गेलीय. पावशेर," असं वैद्यांनी एकदा सांगितलं. पंप उघडला, वाळू निघाली, कुणीतरी हौसेनं तोलली तर चांगली दीडपाव भरली. वैद्य शांतपणे म्हणाले, "ओली आहे. वाळवून तोला." दुसऱ्या वेळी मोठ्या नळाला सळई लावून त्यांनी सांगितलं, की तीन कोसांवरच्या टाकीचा पहारेकरी झोपलाय, आणि डाव्या कुशीवर झोपलाय. सायकलवरून माणूस धाडला. पहारेकरी झोपलेला होता हे खरं, पण उताणा. "तू पोचेपर्यंत वळला असेल," वैद्य म्हणाले.

एका बाबतीत मात्र त्यांच्यापुढं थट्टा चालत नसे. पंपाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, आतून चीर गेली, की सळईतून तो वेगळा बोलतो. चांगला शाफ्ट घंटेसारखा घुमतो आणि चिरलेला शाफ्ट फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. तो आवाज आला रे आला, की वैद्य पंप बंद करायला लावत. मग शहर तहानेनं मेलं तरी बेहत्तर. तेलाची कुप्पी घेऊन त्यांच्या मागं मागं फिरणारा एक मदतनीस होता, त्याचं नावच कुप्पी पडलं होतं. तो एकदा म्हणाला, "चालू द्या ना वैद्य, एवढा आठवडा. कुणाला कळतंय!" वैद्यांनी सळई उगारली. "चिरलेला शाफ्ट वाईट नसतो रे. तो बिचारा मरायला टेकलेला असतो. वाईट असतो तो लपवणारा माणूस." कुप्पीनं ते वाक्य पाठ केलं. पुढं तो पाळीचा मुख्य झाला तेव्हा हाताखालच्यांना तेच ऐकवायचा.

निवृत्तीच्या सुमाराला वैद्यांचे कान गेले. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, की कानातली बारकी हाडं गोठलीत, आतली नस मात्र शाबूत आहे. एका कानाचं ऑपरेशन केलं, तर होता नव्हता तेवढाही बसला. दुसरा बारा महिने वाहायचा. त्यात ऐकायचं यंत्र घातलं की चार दिवसांत यंत्रालाच पडसं व्हायचं. शेवटी ते यंत्र कपाटात बटणांच्या डब्यात जाऊन पडलं.

बाहेरच्या जगाशी वैद्यांनी तडजोड केली. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघायचं. भुवया वर गेल्या की "काय सांगता!" म्हणायचं, खाली आल्या की "चालायचंच", आणि खांदे हलले की आपणही हसायचं. या तीन किल्ल्यांवर त्यांनी लग्नं, बारशी, मयतं, सगळी कुलपं उघडली. बहिरेपण फारसं कुणाला कळलंही नाही. उलट, माणूस किती लक्ष देऊन ऐकतो, असा लौकिक झाला.

फक्त बायकोशी हे करायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिच्यापुढं ते सरळ हात वर करायचे. "काही कळलं नाही गं." मग ती पाटी घ्यायची. पण पाटीवर माणूस किती बोलणार? 'भाजी संपली', 'गॅसवाला येऊन गेला', 'बनियन उलटं घातलंय'. चाळीस वर्षं तोंडाचा पट्टा चालवलेली बाई खडूच्या चार शब्दांवर आली. आठ महिने असे गेले. घरात दोनच माणसं. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला बोलायला कुणी नव्हतं.

मग एका दुपारी ती शिवणयंत्रावर उशीचे अभ्रे शिवत बसली होती आणि यंत्र टाके सोडत होतं. वैद्यांना राहवेना. त्यांनी खुंटीवरची सळई काढली, एक टोक यंत्राच्या पत्र्यावर टेकवलं, दुसरं दातात धरलं. ती चिडून हनुवटी यंत्रावर टेकून बसली आणि तोंड चालूच होतं. आणि वैद्यांच्या कवटीत, टाक्यांच्या खडखडाटातून, स्पष्ट आवाज आला: "ऐक बाबा, यंत्राचंच ऐक. त्याच्या सुईतलं दुखणं कळतं तुला. माझं कधी कळायचं?"

वैद्यांच्या तोंडातून सळई पडली.

"अगं," ते म्हणाले, "तू मला अरे-तुरे करतेस?"

ती चाट पडली. चारचौघांत कायम 'अहो' म्हणणारी बाई. ऐकू येत नाही म्हटल्यावर गेले आठ महिने बिनधास्त 'अरे' म्हणत होती. आधी लाजली, मग हसली, मग यंत्रावर डोकं ठेवून रडली. ते रडणंही वैद्यांनी सळई लावून ऐकलं. असली माणसं.

सळई थंडगार आणि जड, म्हणून मग लाटणं आलं. जुनं शिसवी लाटणं, दोन्ही टोकांना निमुळतं. एक टोक वैद्यांच्या दातात, दुसरं तिच्या गळ्याला, हनुवटीच्या जरा खाली. एवढं झालं की झालं. पोस्टमननं एकदा खिडकीतून पाहिलं आणि म्हातारा म्हातारीच्या गळ्यात काहीतरी खुपसतोय म्हणून बोंब ठोकली. तिनं लाटणं न हलवता त्याला हातानंच सांगितलं, जा बाबा, चाललंय ते बरं चाललंय. रोज संध्याकाळी चहा झाला की तासभर लाटणं. दिवसभर ती 'अहो'च म्हणायची, लाटण्यावर मात्र 'अरे'. हा त्यांचा आपसातला करार.

आता या सगळ्यात एक गोम होती. वैद्यांच्या वरच्या जबड्यात स्वतःचा म्हणावा असा दात एकच उरला होता, डावा सुळा. बाकी कवळी. कवळीला लाटणं लावलं की शेजारच्या घरात कुणी बोलतंय असं वाटे. कपाळाला लावून पाहिलं, कानामागं लावून पाहिलं, नुसती घरघर. सुळ्याला लावलं की अक्षर न् अक्षर. सगळं घरदार त्या एका दातावर टांगलेलं होतं म्हणा ना.

आणि तोच दात सडायला लागला.

आधी हिरडीवर मुगाएवढा फोड आला. तो फुटला, बरा झाला, परत आला. मग गाल सुजला. दातांची डॉक्टर तरुण होती, बारीक चणीची, बोलताना तोंडावरचा मास्क खाली ओढायची. तिनं फोटो काढला आणि बायकोशी पाच मिनिटं बोलली. पाटीवर उतरलं: 'वरून कापणार.'

"काय कापणार? मला की दाताला?" वैद्य म्हणाले.

डॉक्टरनं हसून पाटी आपल्याकडं घेतली आणि चित्र काढलं. दात. दातावर टोपी. दाताच्या आत खिळा, पूर्वी कधीतरी नस काढून, पुन्हा एकदा साफ करून बसवलेला. आणि मुळाच्या टोकाशी काळा गोळा, तो पू. मग तिनं लिहिलं: 'टोपी, खिळा काढायला गेलं तर दात फुटेल. म्हणून हिरडी उचलायची, हाडाला खिडकी पाडायची, मुळाचं टोक तीन मिलिमीटर छाटायचं, पू खरवडायचा, मागच्या बाजूनं बूच मारायचं.'

वैद्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे पंप न उघडता मागच्या झाकणातनं पॅकिंग बदलायचं. एवढं सरळ सांगा की!"

डॉक्टरनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं मान हलवली: ते असंच बोलतात, तुम्ही हो म्हणा.

मग डॉक्टरनं विचारलं आणि बायकोनं लिहिलं: 'दाताला कधी मार बसला होता?'

"छे," वैद्य म्हणाले.

इथं वैद्य खोटं बोलले. गेल्या वर्षी कुप्पीनं त्यांना गुपचूप बोलावलं होतं. कंपनीनं कंपनं मोजायचं नवं यंत्र आणलं होतं, त्याच्या पडद्यावर पाच नंबर ठणठणीत दिसत होता, आणि कुप्पीला मात्र तो आजारी वाटत होता. वैद्य गेले, सळई लावली, डोळे मिटले. तेवढ्यात कुणीतरी पलीकडचा व्हॉल्व्ह एकदम सोडला. पंपानं लाथ मारली आणि सळई सुळ्यावर अशी बसली की भरदुपारी तारे दिसले. घरी येऊन त्यांनी न्हाणीघराच्या दाराला धडकलो म्हणून सांगितलं. कारण पंपहाऊसात परत पाऊल टाकलंत तर लाटणं गळ्याला नाही, पाठीला लावीन, असं बायकोनं बजावलेलं होतं. आता तिच्यासमोर, तिच्याच हातातल्या पाटीवरच्या प्रश्नाला, खरं कसं सांगणार?

"छे, कुठला मार!" ते पुन्हा म्हणाले.

डॉक्टरनं शेवटचं वाक्य स्वतः लिहिलं, आणि खाली दोन रेघा ओढल्या: 'मूळ चिरलेलं निघालं तर इलाज नाही. तिथंच काढून टाकावा लागेल.'

बायकोनं ते वाचलं आणि पाटी पदरानं पुसून टाकली.

ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली. आत वैद्य खुर्चीत आडवे. तोंडावर दिवा, दिव्यामागं दुर्बिणीसारखं भिंग, हिरडीत चार सुया. गाल परक्याचा झाला. डॉक्टर मास्कच्या आड काय बोलत होती कोण जाणे. मग हाडावर ड्रिल टेकलं.

वैद्य दचकले. वेदनेनं नव्हे, वेदना कुठंच नव्हती. आवाजानं दचकले. कित्येक वर्षांत एवढा मोठा, एवढा भरघोस आवाज त्यांनी ऐकला नव्हता. सातही पंप एकदम सुरू झाल्यासारखं डोकं भरून गेलं. हाडाचा आवाज मऊ, भिजल्या लाकडासारखा. मग खिडकी पडली असावी, कारण आवाज पोकळ झाला. मग खरवडणं. मग मुळाचं टोक छाटताना कोरडी, कडक किरकिर. वैद्य मनातल्या मनात एकेक टप्पा ओळखत होते आणि चक्क खूष होते. पोरगी हाताची हलकी आहे, दाबत नाही, यंत्राला त्याचं त्याचं काम करू देते. पंपहाऊसात असती तर तिला आपल्या हाताखाली घेतली असती.

मग बूच बसवायला मुळात भोक पाडायचं म्हणून तिनं दुसरं हत्यार घेतलं. बारीक सुईसारखं, थरथरणारं. ते मुळाला टेकलं आणि उंच, पातळ सूर निघाला.

आणि त्या सुराखाली, अगदी खाली, बद्द.

वैद्यांनी श्वास रोखला. डॉक्टरनं सुई काढली, परत टेकवली. सूर आला. सुराखाली पुन्हा बद्द. फुटक्या मडक्यावर कुणीतरी हलकेच टिचकी मारावी तसं.

चाळीस वर्षांत त्यांची या आवाजाबाबत एकदाही चूक झाली नव्हती. पावशेराचा दीडपाव झाला असेल, कुशीवरचा उताणा झाला असेल; पण चीर म्हणजे चीर. ती मुळाच्या मागच्या अंगाला होती, टाळूच्या बाजूला, हाडाच्या आड. चीर असली तर दिसावी म्हणून डॉक्टरनं निळा रंग लावून छाटलेलं टोक भिंगाखाली नीट न्याहाळलं. टोकाला काही दिसेना. चीर तिथवर पोचलीच नव्हती, तर दिसणार काय? तिनं हातातलं थांबवलं, मास्क खाली ओढला, पाटी वैद्यांच्या डोळ्यांसमोर धरली: 'ठीक? काही त्रास?'

सांगायचं तर ही वेळ होती. तोंड उघडंच होतं, बोलता येत नव्हतं, पण हात होता, खडू होता. 'चिरलंय' एवढी चार अक्षरं. ती पुन्हा शोधेल, मागून हाड कोरेल, चीर सापडेल, आणि तिथंच, त्याच खुर्चीत, दात काढून ट्रेमध्ये ठेवील. दोन रेघा ओढून तिनंच लिहिलं होतं. बाहेर बाकावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

वैद्यांनी अंगठा वर केला.

डॉक्टरनं बूच मारलं, हिरडी जाग्यावर बसवली, टाके घातले.

बाहेर आल्यावर डॉक्टर बायकोशी बोलली आणि बायकोचा चेहरा उजळत गेला. पाटीवर लिहिताना खडू मोडला, एवढ्या जोरानं तिनं लिहिलं: 'छान झालं!!' खाली: 'दोन महिने दाताला काही लावायचं नाही.' आणि त्याच्याही खाली, आपल्या मनचं: 'लाटणं पण नाही.'

वैद्यांना हे सुचलंच नव्हतं. दात जितके दिवस टिकेल तितके दिवस तरी तिचा आवाज, एवढाच हिशेब त्यांनी त्या खुर्चीत केला होता. चिरलेला शाफ्ट किती चालतो? कधी आठवडा, कधी तीन महिने. ते दिवस मिळावेत म्हणून अंगठा वर केला, आणि आता तेच दिवस बायको कुलपात घालत होती.

तिनं खरंच घातले. लाटणं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला. लाटायला बाजारातून नवं, हलकं, पांढरं लाटणं आणलं.

"एकदाच," तिसऱ्या आठवड्यात वैद्य म्हणाले. "पाच मिनिटं. हळूच धरीन."

तिनं पाटीवर लिहिलं: 'साठ दिवस. मग पोटभर.'

"तोवर मी मेलो तर?"

'मग कुणाला ऐकवू? मरायचं नाही.' आणि पाटी आपटली.

तिनं एक वही केली होती. दोन महिन्यांत सांगायचं राहील ते सगळं तीत उतरवायचं, आणि एकसष्टाव्या दिवशी वाचून दाखवायचं. दुपारभर लिहायची, मध्येच स्वतःशी हसायची, मध्येच पेन्सिल ओठांवर टेकवून खिडकीबाहेर बघायची. वैद्य जवळ गेले की वही मिटायची. हे लिहून वाचण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी आहे, असं तिनं खुणेनं सांगितलं. पूर्वी तिला पाठीचं दुखणं होतं, भूक नव्हती. आता गालांवर जरा रक्त दिसायला लागलं. कुप्पी एकदा 'सहा नंबर कण्हतोय' असं कागदावर लिहून घेऊन आला, तर तिनं त्याला दारातच गाठलं. ती काय बोलली ते वैद्यांना ऐकू आलं नाही, पण कुप्पी ज्या पद्धतीनं उलटा चालत फाटकापर्यंत गेला त्यावरून कल्पना आली.

पाचव्या आठवड्यात, तोंड धुताना, जिभेला ओळखीची घाण चव लागली. आरशात बघितलं. टाक्याच्या व्रणाखाली मुगाएवढा फोड.

त्यांनी तो अंगठ्यानं दाबून फोडला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या आणि बेसिन दोनदा धुतलं. चार दिवसांनी परत तेच. मग रोजचंच झालं. न्हाणीघरात आत शिरायचं, कडी लावायची आणि चोरासारखं आपल्याच तोंडातलं दुखणं पुसून बाहेर यायचं. गालावर हात जायचा तो मागं घ्यायचा. डाव्या बाजूनं चावायचं नाही, पण चावल्यासारखं दाखवायचं. म्हातारपणी माणसाला कसले कसले धंदे शिकावे लागतात!

शेवटी न राहवून ते पंपहाऊसावर गेले. कुप्पीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: सळईची लाथ, बद्द आवाज, अंगठा, फोड. कुप्पी आता पन्नाशीला आलेला, मिशा पिकलेल्या. त्यानं तेलकट चिंधीनं हात पुसले. मग खिशातून कागद काढून त्यानं लिहिलं. वैद्यांना वाटलं धीर देईल. लिहिलं होतं: 'लपवणारा माणूस वाईट.'

"माझंच मला ऐकवतोस?" वैद्य म्हणाले.

कुप्पीनं खाली आणखी लिहिलं: 'बाईंना सांगा. आजच. आज सांगितलंत तर आजचा दिवस तरी ऐकाल.'

एवढं शहाणपण कुप्पीकडं असेल असं वैद्यांना कधी वाटलं नव्हतं. ते ताड ताड घरी निघाले. वाटेत वाक्यं जुळवली. अगं, ते लाटणं काढ. दात जाणार आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो, त्याबद्दल काय बोलायचं ते लाटण्यावरच बोल, वाटेल ते बोल, पण बोल.

दार लोटलं. ती जमिनीवर बसली होती, कपाट उघडं. मांडीवर ते शिसवी लाटणं. ती त्याला तेल लावत होती. टोकाला बारीक खरबरीत झालं होतं, दातानं चावून चावून. तिथं काचकागद घासून तिनं ते गुळगुळीत केलं होतं, दाताला टोचू नये म्हणून. वैद्यांना पाहून ती चोरी पकडल्यासारखी हसली. मग पाटी ओढून लिहिलं: 'बत्तीस पानं झाली. आणि परवापासून झोप लागते.'

"अगं, ते..." वैद्य म्हणाले.

"काय?" असा तिनं हात केला. काय सांगत होतात?

"काही नाही," ते म्हणाले. "चहा टाक."

एकसष्टाव्या दिवशी तिनं सकाळीच डोक्यावरून आंघोळ केली. चहा लवकर झाला. खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. वही मांडीवर. तिनं लाटणं फडक्यातून काढलं, एक टोक स्वतःच्या गळ्याला लावलं आणि दुसरं त्यांच्यापुढं केलं, लहान मुलाला घास भरवावा तसं.

दात आता हलत होता. हे त्यांच्या जिभेला ठाऊक होतं, आणखी कुणालाच नाही. त्यांनी अलगद तोंडात धरलं. कळ डोळ्यांपर्यंत गेली. ते हसले, डोळ्यांतलं पाणी आनंदाचं आहे असं तिला वाटावं म्हणून.

ती वाचू लागली.

आधी वाटलं, तिनं अजून सुरुवात केली नसावी. ओठ हलत होते. मग लाटण्यातून काहीतरी आलं. बद्द. बद्द बद्द. मध्येच एक खरखर. दूर कुठल्या तरी घरात कुणी जिना उतरतंय, किंवा गादी झटकतंय, असं काहीतरी. शब्द नव्हते, आणि तिचा आवाजही नव्हता. त्यांनी दात जरा दाबून धरला. कळ आली, पण आवाज तोच. मुळातून चिरलेल्या दातातून जे यायचं तेच येत होतं, आणि हा आवाज त्यांच्याइतका जगात कुणालाच ओळखीचा नव्हता.

तिनं पान उलटलं. भुवया वर गेल्या.

"काय सांगतेस!" लाटण्याच्या कडेनं वैद्य म्हणाले.

ती खूष झाली. पुढं वाचू लागली. भुवया खाली आल्या. "चालायचंच," ते म्हणाले. मग तिचे खांदे हलायला लागले, हसू आवरेना, वहीवर डोकं टेकलं. वैद्यही हसले, लाटणं हिरडीत रुतेपर्यंत हसले. ज्या तीन किल्ल्यांनी ते जगाला फसवत आले होते त्या त्यांनी या घरात कधी काढल्या नव्हत्या, आणि त्या किती बिनबोभाट चालल्या! एकही अडली नाही. बत्तीस, तेहतीस, सगळी पानं. दोन महिन्यांचं बोलणं त्यांच्यासमोरून गेलं, काचेपलीकडून मिरवणूक जावी तसं. तोंडात खारट चव पसरत होती, ती त्यांनी गिळली.

वही संपली. तिनं ती मिटून बाजूला ठेवली. वैद्यांना वाटलं, सुटलो.

पण तिनं लाटणं काढलं नाही. उलट दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरलं. खिडकीबाहेर पाहत तिनं काहीतरी म्हटलं. वहीत नसलेलं. छोटंसंच, सहा-सात शब्दांचं असेल. भुवया वर गेल्या नाहीत, खाली आल्या नाहीत. खांदे जागच्या जागी. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिनं त्यांच्याकडं वळून पाहिलं आणि वाट बघत राहिली.

लिहून दे, असं म्हणता आलं असतं. पाटी खिडकीतच होती, हात लांबवायचाच अवकाश.

"हो," वैद्य म्हणाले.

ती आणखी थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग मान हलवली, लाटणं काढून पदरानं पुसलं, कपबशा उचलल्या आणि आत गेली.